जठराच्या नसा आणि एक हरवलेली नोंदवही

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात ताळेबंद, आयव्यय पत्रक आणि विभागवार आकडेवारी यांच्या जोडीला एखाद्या वैद्यकीय विषयाची ओळख करून देणारा लेख असावा, असा विश्वस्त मंडळाचा आग्रह असतो. एरवी हा लेख आमचे डॉक्टर लिहितात. या वर्षी तो प्रशासनाने लिहावा असे ठरले, कारण लेखाचा अर्धा विषय वैद्यकाचा असला तरी उरलेला अर्धा आमच्या दप्तराचा आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. शरीरशास्त्राशी आमचा संबंध बिलांपुरता. त्यामुळे पुढील मजकुरातील वैद्यकीय भाग आमच्या वरिष्ठ शल्यविशारदांकडून शब्दशः तपासून घेतला आहे. दप्तराविषयी जे लिहिले आहे त्याची जबाबदारी मात्र सर्वस्वी आमची.

गेल्या पावसाळ्यात चौऱ्याहत्तर वर्षांचे एक शेतकरी गृहस्थ आपल्याकडे दाखल झाले. आठ-दहा दिवस शौचास काळे होत होते, रक्त फार कमी झाले होते, जिना चढताना धाप लागत होती. पोटावर मधोमध एक जुना, लांब व्रण दिसत होता. १९८१ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांची अल्सरची शस्त्रक्रिया आपल्याच रुग्णालयात झाली होती. दुर्बिणीने तपासले असता जठर आणि लहान आतडे तेव्हा जेथे जोडले होते, नेमक्या त्या जोडावर नवा अल्सर आढळला. रक्त देण्यात आले, औषधे सुरू झाली, प्रकृती स्थिरावली. त्यानंतर त्यांचे चिरंजीव आमच्या कार्यालयात आले. बोलणे शांत होते, पण मनात राग होता. "साहेब, त्या वेळी डॉक्टरांनी नस अर्धीच कापली होती का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "आणि त्या ऑपरेशनचे कागद कुठे आहेत?" हा दुसरा.

दोन्ही प्रश्न रास्त होते. पहिल्याचे उत्तर समजून घेण्यासाठी जठराची नस कापण्याची वेळ मुळात का येत असे, तेथून सुरुवात करावी लागते.

आज साठीच्या पुढे असलेल्या वाचकांना जुना अल्सर आठवत असेल. मध्यरात्री उठवणारी पोटातील आग, उशाशी ठेवलेला दुधाचा पेला, खाण्याचा सोडा आणि वर्षानुवर्षांचे पथ्य. जठरात पाझरणारे आम्ल जठराच्या तोंडाशी किंवा त्यापुढच्या ड्युओडेनम या आतड्याच्या पहिल्या भागात जखम करीत असे. ती जखम कधी रक्तस्राव करी, कधी फुटे, तर कधी आवळून अन्नाची वाट बंद करी. आम्ल कमी केल्याखेरीज सुटका नव्हती, आणि आम्ल कायमचे कमी करणारे औषध नव्हते.

जठराला आम्ल सोडण्याची आज्ञा कोठून मिळते, हे रशियातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले होते. कुत्र्याने खाल्लेला घास गळ्यातील छिद्रातून बाहेर पडे, जठरापर्यंत पोहोचतच नसे. तरीही जठरात पाचकरस भरपूर पाझरे. मेंदूपासून जठरापर्यंत येणारी व्हेगस ही नस कापली की तो पाझर थांबे. पचनक्रियेवरील कार्यासाठी पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. येथे एक खुलासा करणे बरे. आपण बोलताना रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. या लेखात नस म्हणजे संदेश वाहणारा मज्जातंतू एवढेच समजावे.

पावलोव्ह यांच्या या ज्ञानाचा अल्सरवर पद्धतशीर उपयोग पुढे अमेरिकेत झाला. शिकागो विद्यापीठातील शल्यविशारद लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी १९४३ साली ड्युओडेनमच्या अल्सरसाठी एका रुग्णाच्या दोन्ही व्हेगस नसा छातीतून कापल्या. त्याआधी फ्रान्समध्ये लियाँ येथील लातार्जे यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी असे प्रयत्न केले होते. परंतु ही शस्त्रक्रिया जगभर पोहोचली ती ड्रॅगस्टेट यांच्यामुळे. तिला व्हेगोटॉमी म्हणतात. आम्ल घटले, अल्सर भरले. मात्र एक नवी अडचण उभी राहिली. व्हेगस नस जठराला आम्लाची आज्ञा देते, तशीच अन्न घुसळून पुढे ढकलण्याचीही देते. नस कापल्यावर अनेकांचे जठर सुस्तावले आणि अन्न तुंबू लागले. म्हणून व्हेगोटॉमीच्या जोडीला जठराचे निर्गमद्वार रुंद करणे किंवा जठर थेट लहान आतड्याला जोडणे भाग पडले. आमच्या शेतकरी गृहस्थांच्या पोटातील जोड अशाच शस्त्रक्रियेचा होता. आपल्या देशात, विशेषतः भात हे मुख्य अन्न असलेल्या दक्षिणेकडील व किनाऱ्यालगतच्या भागांत, ड्युओडेनमचा अल्सर पुष्कळ आढळत असे, आणि १९६० ते १९९० या काळात सर्वसाधारण शल्यविशारदांच्या यादीत ही शस्त्रक्रिया नित्याची होती.

आता मूळ मुद्दा. नस कापायची म्हणजे आधी ती सापडली पाहिजे.

व्हेगस नसा दोन, एक डावी व एक उजवी. कवटीच्या तळातून निघून त्या मानेतून रक्तवाहिन्यांच्या सोबतीने छातीत उतरतात. वाटेत कंठाला, हृदयाला, फुप्फुसांना शाखा देतात. लॅटिन भाषेत व्हेगस म्हणजे भटकी, आणि ते नाव सार्थ आहे. छातीत अन्ननलिकेपाशी आल्यावर दोन्ही नसांचे धागे सुटतात, एकमेकांत मिसळतात आणि अन्ननलिकेभोवती जाळे तयार होते. मध्यपटलाच्या छिद्रातून पोटात शिरण्याच्या सुमारास हे धागे पुन्हा एकत्र येऊन दोन मुख्य नसा बनतात, एक अन्ननलिकेच्या पुढे आणि एक मागे. गर्भावस्थेत जठर स्वतःभोवती वळते, त्यामुळे डाव्या नसेचे धागे बहुतांशी पुढे येतात आणि उजवीचे मागे जातात. पुढची नस यकृताकडे शाखा पाठवते, मागची आतड्यांकडे. आणि दोघीही जठराच्या आखूड कडेने खाली उतरत जठराला शाखा देत जातात. खाली उतरणाऱ्या या भागाला लातार्जे यांचे नाव दिलेले आहे. निर्गमद्वाराच्या अलीकडे साधारण सहा-सात सेंटिमीटरवर तिचे शेवटचे फाटे पसरतात. शल्यविशारदांनी त्यांना कावळ्याचा पाय असे नाव दिले आहे, आणि चित्र पाहिल्यावर ते पटते.

हे झाले पाठ्यपुस्तकातील चित्र. प्रत्यक्षात धागे सुटून पुन्हा एकत्र येण्याची क्रिया प्रत्येक देहात थोडी निराळी घडते. वेणी सोडून पुन्हा घातली, तर ती दर वेळी तंतोतंत तशीच पडत नाही. बहुतेकांत पुढे एक व मागे एक अशा दोनच नसा मध्यपटलाखाली येतात. काहींत पुढे दोन किंवा तीन बारीक नसा येतात. काहींत मागे दोन येतात. धागे मध्यपटलाच्या वरच एकत्र आले की खाली एकच जाड नस दिसते. उशिरा एकत्र आले की अन्ननलिकेवर धाग्यांचा पसारा दिसतो. कावळ्याच्या पायालाही सर्वांत सारखी बोटे नसतात. कोणाला तीन, कोणाला चार, तर कोणाचे फाटे इतके पसरलेले की पाय म्हणावा असा आकारच होत नाही. असे देह शेकडा किती, याविषयी निरनिराळ्या अभ्यासकांचे आकडे जुळत नाहीत. कोणत्या पातळीवर मोजले आणि किती बारीक धाग्याला नस म्हटले, यावर हिशेब बदलतो. जमाखर्चात लहान रकमा किरकोळ खात्यात टाकाव्यात की स्वतंत्र दाखवाव्यात, या वादाशी आम्हाला हे बरेचसे मिळतेजुळते वाटले.

यांतील एकही प्रकार आजार नव्हे. अशा माणसाचे जठर उत्तम चालते आणि आपल्या नसा शेजाऱ्यापेक्षा निराळ्या आहेत हे त्याला आयुष्यभर कळतही नाही. प्रश्न उद्भवतो तो कोणी त्या कापायला गेले तरच.

मागच्या नसेचा तर स्वभावच अडचणीचा. पुढची नस बहुधा अन्ननलिकेला चिकटून असते आणि पोट उघडल्यावर डोळ्यांना दिसते. मागची मात्र अनेकदा अन्ननलिकेपासून थोडी सुटून, मागच्या बाजूस महाधमनीच्या जवळ असते. यकृताचा डावा भाग बाजूला सारून, बरगड्यांच्या कमानीखाली खोल हात घालून ती बोटाने चाचपावी लागे. जठर खाली ओढले की ती ताणलेल्या तारेसारखी बोटाला लागते. एक जाड तार सापडली की काम झाले असे वाटणे स्वाभाविक होते. दुसरी असेल तर ती तशीच राही. व्हेगोटॉमी अपुरी राहिलेल्या रुग्णांत न सापडलेली नस बहुतेक वेळा मागचीच असे.

यातच आणखी एक फाटा आहे. इटलीतील शल्यविशारद ग्रासी यांनी त्याकडे विशेष लक्ष वेधले. मागच्या नसेपासून तो बराच वर, कधी मध्यपटलाच्या छिद्रातच, सुटतो आणि अन्ननलिकेच्या मागून डावीकडे जाऊन जठराच्या वरच्या घुमटासारख्या भागाला मिळतो. आम्ल बनविणाऱ्या पेशी घुमटात व त्याखालच्या मधल्या भागातच असतात. शल्यविशारद खाली मुख्य नस कापतो, पण हा फाटा त्याच्या वरूनच निघून गेलेला असतो. आम्लाची आज्ञा चालूच राहते आणि अल्सर परततो. वैद्यकाने या फाट्याला चक्क 'गुन्हेगार नस' हे नाव दिले. आमच्या मते हे नाव थोडे अन्यायाचे आहे. बिचारा फाटा जन्मापासून आपल्या जागी आपले काम करीत असतो.

पुढे शस्त्रक्रिया अधिक नाजूक झाली. १९७०च्या सुमारास इंग्लंडमधील लीड्स आणि डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील शल्यविशारदांनी स्वतंत्रपणे एक नवी रीत मांडली. मुख्य नस कापायची नाही. आखूड कडेवरून आम्लाच्या भागाकडे जाणारे बारीक फाटे तेवढे एकेक करून कापायचे आणि कावळ्याचा पाय शाबूत ठेवायचा, म्हणजे जठराच्या खालच्या भागाचे घुसळणे चालू राहते आणि वेगळा जोड करावा लागत नाही. रीत सुंदर होती, पण सगळी भिस्त त्या रुग्णाच्या नसा कशा पसरल्या आहेत यावर. एक फाटा राहिला तर आम्ल राहिले. एक जास्त कापला तर अन्न तुंबले. या शस्त्रक्रियेनंतर शंभरांपैकी साधारण दहा रुग्णांना, काही ठिकाणी त्याहून अधिकांना, काही वर्षांत पुन्हा अल्सर होत असे. निकाल शल्यविशारदागणिक बरेच बदलत. व्हेगोटॉमीबरोबर जठराचा खालचा भागही काढून टाकला तर अल्सर परतण्याचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास येई, पण त्यासाठी जठराचा तो भाग कायमचा गमवावा लागे.

नस पूर्ण कापली गेली की नाही हे पाहण्याच्या युक्त्याही निघाल्या. १९४६ साली हॉलंडर यांनी सुचविलेल्या चाचणीत रुग्णाला इन्शुलिन देऊन रक्तातील साखर उतरवीत. व्हेगस शाबूत असेल तर जठर आम्ल सोडी. ही चाचणी धोक्याची होती आणि ती पुढे मागे पडली. ग्रासी शस्त्रक्रिया चालू असतानाच जठराच्या अस्तरावर आम्लमापक फिरवून कोणता भाग अजून आज्ञा ऐकतो आहे ते पाहत. कापलेला तुकडा नसच होता ना, हे तपासण्यासाठी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाठविण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. लहान गावांतील रुग्णालयांना यांतील बहुतेक साधने उपलब्ध नव्हती. तेथे शल्यविशारदाचे बोट आणि त्याची सावधगिरी हेच साधन.

म्हणून चिरंजिवांच्या पहिल्या प्रश्नाला आमच्या डॉक्टरांनी दिलेले उत्तर असे होते: एखादी नस राहिली असणे शक्य आहे. राहिली असेल तर ती हलगर्जीने राहिली की वडिलांच्या शरीरात ती अनपेक्षित जागी होती म्हणून राहिली, हे शस्त्रक्रियेच्या वेळी लिहून ठेवलेल्या नोंदीवरूनच काही अंशी सांगता येईल. आणि नस मुळीच राहिली नसेल, अल्सरचे कारण वेगळेच असेल, हेही शक्य आहे.

येथून दुसऱ्या प्रश्नावर यावे लागते, आणि येथे आमची मान खाली जाते.

२००३ साली आम्ही येथे लेखा विभागात होतो व भांडारही आमच्याकडे होते. तळघरातील खोलीत १९९० पूर्वीचे केसपेपर आणि शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवह्या रचलेल्या होत्या. भिंतीला ओल आली होती, खालच्या थराला वाळवी लागली होती. आंतररुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपावीत असा वैद्यक परिषदेचा नियम २००२ सालीच आला होता. आमचे कागद तर त्याहून कितीतरी जुने. जागेची निकड होती, कारण तेथे ऑक्सिजनचे सिलिंडर ठेवायचे होते. आम्ही टिपण तयार केले, नियमाचा आधार दिला, तत्कालीन व्यवस्थापकांची मंजुरी घेतली आणि सर्व कागद रद्दीत घातले. वजनाची पावती त्या वर्षीच्या किरकोळ जमेत आहे. लेखापरीक्षकांनी एकही शंका काढली नाही. कागदोपत्री सर्व काही बिनचूक होते.

त्या ढिगातील एकच नोंदवही वाचली, १९७९ सालची. ती कोणीतरी भांडारातील कपाटाच्या मोडक्या पायाखाली ठेवली होती, म्हणून ती रद्दीवाल्याच्या हाती लागली नाही. चिरंजीव येऊन गेल्यावर आम्ही ती बाहेर काढली. त्या काळी आपल्याकडे मुख्य शल्यविशारद असलेले डॉक्टर आता हयात नाहीत. प्रत्येक व्हेगोटॉमीनंतर त्यांनी शाईच्या पेनाने एक लहानशी आकृती काढलेली आहे: अन्ननलिका, मध्यपटलाची रेघ, आणि त्यावर सापडलेल्या नसा. एका आठवड्यातील तीन रुग्णांच्या आकृत्या आमच्या वरिष्ठ शल्यविशारदांनी आम्हाला शेजारी शेजारी दाखविल्या. पहिलीत पुढे एक, मागे एक, पुस्तकात असते तशी. दुसरीत पुढे दोन बारीक रेघा आणि मागची नस अन्ननलिकेपासून चांगली दूर. तिसरीत मागच्या नसेपासून वरच निघून डावीकडे गेलेली एक तिरपी रेघ आणि तिच्यापाशी शेरा, 'वेगळी शोधून कापली'. तीन रुग्ण एकाच तालुक्यातील, शस्त्रक्रिया तीच, करणारे हातही तेच. आणि तीन निराळी चित्रे. या लेखातील इतका वेळचा सारा मजकूर आम्हाला खऱ्या अर्थाने उमगला तो त्या तीन पानांवर.

१९८१ सालच्या वहीत आमच्या शेतकरी गृहस्थांचीही अशी एक आकृती असणार, याविषयी आम्हाला शंका नाही. ती रद्दीत गेली, आणि टिपणावर सही आमची होती.

चार दिवसांनी त्यांच्या पत्नीने घरच्या पत्र्याच्या पेटीतून, रेशनकार्ड आणि सातबाऱ्याच्या उताऱ्याच्या घडीतून, पिवळे पडलेले डिस्चार्ज कार्ड शोधून आणले. चव्वेचाळीस वर्षे त्या माउलीने ते जपले होते. त्यावर शस्त्रक्रियेचे नाव होते: व्हेगोटॉमी व जठर-आतडे जोड. एवढे कळल्यानेही मदत झाली. पूर्वी काही शस्त्रक्रियांत जठराचा भाग काढत, काहींत नस न कापता नुसताच जोड करीत. त्या शंका मिटल्या. नसा किती सापडल्या, हे मात्र कार्डावर नव्हते. कार्डावर ते कधीच लिहीत नसत. मग जोडावरील अल्सरची इतर कारणे तपासणे आले. आम्ल वाढविणाऱ्या दुर्मीळ गाठीसाठी रक्ताचा नमुना बाहेर पाठविला, सी.टी. स्कॅन केला, अल्सरच्या कडेचा तुकडा कर्करोगासाठी तपासला. सुदैवाने तिन्हीत वावगे काही निघाले नाही. यातील काही तपासण्या जुनी नोंद असती तरी कराव्याच लागल्या असत्या, पण सर्व नाही. आणि ते दिवस व तो खर्च गरीब रुग्ण निधीतून, म्हणजे वाचकहो, आपल्या देणगीतून गेला, हे येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

अखेरीस दोन गोष्टी पुढे आल्या. गुडघेदुखीसाठी ते गृहस्थ दोन वर्षे दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेत होते. आणि जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. या जंतूमुळेच जग बदलले. त्याआधी सर जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेले सिमेटिडिन हे आम्ल रोखणारे औषध १९७६ साली इंग्लंडमध्ये बाजारात आले होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याहून प्रभावी ओमेप्रॅझोल आले. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळाले. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी बहुतेक अल्सरांच्या मुळाशी हा जंतू असल्याचे दाखविले. लोक विश्वास ठेवेनात, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी स्वतःच जंतूंचे द्रावण पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. आज बहुतेक अल्सर दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी व आम्लरोधक औषधांनी कायमचे बरे होतात. १९८१ साली जी शस्त्रक्रिया प्राण वाचविणारी मानली जात होती, ती आज अपवादानेच केली जाते. त्या गृहस्थांनाही हाच औषधोपचार दिला, गुडघ्याच्या गोळ्या बंद केल्या, लोह व जीवनसत्त्व बी-१२ सुरू केले, कारण जठरावरील जुन्या शस्त्रक्रियांनंतर या दोन्हींची उणीव अनेक वर्षांनी दिसू शकते. दहा आठवड्यांनी दुर्बिणीतून पाहिले तेव्हा अल्सर भरलेला होता.

नस राहिली होती काय? ते आता कळणार नाही. चिरंजिवांना तसे सांगितले, आणि कागद कोठे गेले तेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. समाधान झाले असे म्हणता येणार नाही.

वाचकांना वाटेल, ज्या नसेवर आता कोणी शस्त्र चालवीत नाही तिच्या वाटांची एवढी चर्चा कशाला? परंतु प्रकार उलटा झाला आहे. पूर्वी ती कापण्यासाठी शोधावी लागे, आता वाचविण्यासाठी शोधावी लागते. छातीत आम्ल येण्याच्या त्रासासाठी अन्ननलिकेभोवती जठराची घडी घालण्याची शस्त्रक्रिया, मध्यपटलातील हर्निया, अन्ननलिकेच्या व जठराच्या वरच्या भागाच्या गाठी, या सर्वांत हात त्याच जागी जातो. व्हेगस अनवधानाने दुखावली तर जठर सुस्तावते आणि रुग्णाला जेवण नकोसे होते. आपल्याकडे या वर्षी मध्यपटलाच्या हर्नियाच्या एका शस्त्रक्रियेला अपेक्षेपेक्षा दीड तास अधिक लागला, तेव्हा बाहेर बसलेल्या आप्तांनी "शेजारच्यांचं तर लवकर झालं होतं" अशी विचारणा केली. शल्यविशारद त्या वेळी मागची नस शोधीत होते. खर्चाचा अंदाज आम्ही लेखी देतो. पण तो सर्वसाधारण देहाचा असतो, आणि टेबलावर असतो तो एक विशिष्ट देह.

हे सारे ज्ञान कोठून आले, याविषयीही दोन शब्द. नसांच्या वाटा शवविच्छेदनाच्या टेबलावर, एकेक देह संयमाने उलगडूनच कळल्या आहेत. महाराष्ट्रात शरीरशास्त्राच्या अभ्यासासाठी मृतदेह मिळण्याची तरतूद १९४९ सालच्या कायद्याने आहे, आणि देहदानाची इच्छा नोंदविणारे अनेक वडीलधारे आपल्याकडे येतात. आपले रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालय नसल्याने देह स्वीकारू शकत नाही. मात्र जवळच्या महाविद्यालयाचे अर्ज आमच्या समाजसेवा विभागात ठेवलेले आहेत.

दप्तराविषयी विश्वस्त मंडळाने या वर्षी घेतलेला निर्णय असा. शस्त्रक्रियेची टिपणे, आकृत्यांसह, यापुढे रद्दीत जाणार नाहीत. ती स्कॅन करून कायमची जपली जातील. त्यासाठीचे यंत्र व एका लिपिकाचे वेतन हा खर्च आयव्यय पत्रकात 'अभिलेख जतन' या नव्या शीर्षाखाली दाखविला आहे. डिस्चार्ज कार्डाबरोबर शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रतही रुग्णाला देण्यास सुरुवात झाली आहे. शल्यविशारदांनी सापडलेले वेगळेपण लिहावे, शक्य तेथे आकृती काढावी, अशी विनंती त्यांना केली आहे. तरुण डॉक्टरांपैकी काहींना हे जुनाट वाटले. त्यांना आम्ही १९७९ची वही दाखवितो.

त्या वहीत १९७९च्या जानेवारी ते ऑगस्ट या काळातील नोंदी आहेत. त्या काळात आपल्या घरातील कोणाची पोटाची शस्त्रक्रिया येथे झाली असल्यास रुग्णाने किंवा जवळच्या आप्ताने ओळखपत्र घेऊन अभिलेख कक्षात यावे. पानाची छायाप्रत विनामूल्य मिळेल. इतर वर्षांचे जुने कार्ड किंवा कागद ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ते एकदा आणून दाखवावेत. स्कॅन करून मूळ कागद त्याच वेळी परत केला जाईल. कक्ष रविवार व सुट्टीचे दिवस वगळून सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत उघडा असतो.